पोराचं काढून ठेवलं का?

खान्देशातल्या शाकाहारी घरात मूल जेवायला लागलं की पहिली अडचण शाकाहाराची नसते, तिखटाची असते. पुण्याकडचे नातेवाईक फोनवर काळजीने विचारतात, "प्रोटीनचं काय करता गं तुम्ही?" आता त्यांना काय सांगायचं? प्रोटीन आमच्या पातेल्यात भरपूर आहे, फक्त त्याच्यावर लालभडक तर्री आलेली आहे. ती ओलांडून ते पोरापर्यंत पोचवायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून आमच्या अमळनेरच्या घरात फोडणीचं तेल तापायला लागलं की कुणीतरी हाक मारतंच, "पोराचं काढून ठेवलं का?" सासूबाई ओसरीवरून विचारतात, नवरा मोबाइलमधून मान वर न काढता विचारतो, आणि स्वतः पोर सोडून सगळ्यांनाच त्याची चिंता असते. प्रत्येक पदार्थात वाटी बाजूला काढण्याची एक वेळ असते. ती साधली तर मूल जेवतं, हुकली तर दूध-पोळी. वरणाचं सोपं आहे: तूरडाळ घोटून झाली, हळद-मीठ पडलं, की वाटी बाजूला. वरण-बट्टीच्या दिवशी तर सुट्टीच. तळलेली बट्टी चुरायची, वर वरण, वर तुपाची धार. पोरं गुपचूप जेवतात आणि मोठ्यांना वांग्याची घोटलेली भाजी निवांत खाता येते.

भरताचं मात्र अवघड आहे. यावलकडची ती मोठाली हिरवी-पांढरी वांगी काड्यांच्या जाळावर भाजून, सोलून लाकडी उखळीत ठेचायची. पण त्याआधी त्याच उखळीत मिरच्या आणि लसूण ठेचलेला असतो. त्यामुळे पोराचं वांगं वेगळं, ताटलीत, चमच्याने दाबलेलं. त्यात दाण्याचा कूट आणि मीठ. हे भरीत दिसतं लापशीसारखं आणि त्याला भरीत म्हणायला आप्पा, म्हणजे माझे सासरे, अजून तयार नाहीत.

शेवभाजी आणि डुबुकवडे यांच्यात तर बाजूला काढण्यासारखं काही उरतच नाही, कारण कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण पहिल्यापासूनच मुरत असतं. तिथे सासूबाईंची पाण्याची वाटी येते. वडा रश्श्यातून काढायचा, त्या वाटीत बुडवायचा, दोन बोटांनी हलकेच दाबायचा. पाण्यावर लाल ठिपके पसरतात. पुन्हा बुडवायचा. मग स्वतःच्या जिभेच्या टोकाला लावून पाहायचा आणि म्हणायचं, "आते नही लागस तिखट, खाई ले बेटा." अशा धुतलेल्या वड्याला चव ती काय राहणार! पण हरभऱ्याची डाळ काही पाण्याने धुऊन जात नाही. पोटात जायचं ते जातं.

कळण्याची भाकरी ही मला आमच्याकडची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळून आणायचे. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला वाटीभर उडीद घेतात. ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी असतो, तो उडदात असतो. उडदात जे कमी पडतं ते ज्वारीत असतं. आहारशास्त्राच्या पुस्तकांत धान्य-डाळीच्या जोडीवर पानंच्या पानं असतात आणि सासूबाईंच्या आजीने ते काम गिरणीतच उरकलं होतं. मोठी माणसं ती ठेच्याशी खातात, मुलांना लोण्याचा गोळा. भाकरी गरम असेपर्यंतच मामला आहे, गार झाली की वातड होते आणि मग ती पोरांच्या हातात तलवार म्हणून दिसते.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सोळा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं. कपभर दूध, वाटीभर घट्ट वरण, अर्धी भाकरी. बघता बघता आकडा गाठला जातो. प्रोटीनसाठी एवढा जीव काढण्याचं कारण नाही, असं माझं मत आहे. खरी गोची लोह आणि बी-12 ची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळजवळ 69 मुलं रक्त कमी असलेली निघाली. त्यात मटण खाणाऱ्या घरांतलीही आलीच. डाळी-भाज्यांतलं लोह अंगाला कमी लागतं. वर लिंबू पिळलं तर जास्त लागतं आणि सोबत चहा असला तर आणखी कमी. आता सकाळी नातवाला मांडीवर घेऊन बशीतल्या चहात पोळी बुडवून भरवणाऱ्या आजीला हे कोण सांगणार? मी सांगितलं. त्यांनी चहात दूध वाढवलं.

बी-12 धान्यात, डाळीत, भाजीत नसतंच. ते दूध-दह्यात असतं आणि अंड्यात असतं. आणि अंड्यापाशी आलं की आमचं घर जरा घुटमळतं. मुलांच्या डॉक्टरांनी पहिल्या वाढदिवसाच्या आसपास विचारलं होतं, "अंडं चालतं का तुमच्याकडे?" त्यावर नवरा म्हणाला, "चालतं... म्हणजे बाहेर चालतं." त्याचं बाहेर म्हणजे बसस्टँडजवळची भुर्जीची गाडी. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे ओट्यावर अंडं येत नाही. मागच्या पडवीत एक जुनी शेगडी आणि एक कान तुटलेलं पातेलं आहे, ते अंड्याचं. पातेलं शेगडीवर चढलं की आप्पांना नेमकं देवळात काम निघतं. कुणी कुणाला काही बोलत नाही. सगळी व्यवस्था छान चालली होती. पण मुलीला फक्त पांढरं आवडतं, पिवळं नको असतं. लोह आणि बी-12 बहुतेक सगळं त्या पिवळ्यातच. एकदा ती बलक हातात घेऊन थेट ओसरीवर गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आप्पा, तुम्हाला पिवळं हवंय का?" आप्पांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

सरकारलाही अशीच कसरत करावी लागली होती. 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, आणि जे खात नाहीत त्यांना केळं. अंड्यात प्रोटीन सहा ग्रॅम, केळ्यात जेमतेम एक. केळं बिचारं दुसऱ्याच कामाचं फळ आहे. आणि आमच्या जिल्ह्यात पोराला केळ्याचं अप्रूप ते काय? रावेर-यावलकडून कुणी पाहुणा आला की पिशवीत फणी असतेच. जळगावच्या केळ्याला आणि भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात या दोन्ही मानांकित वस्तू ताटाच्या कडेला ढकलल्या जातात.

सगळे तक्ते मोडतात ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मी माहेरी जाते, तिथे भावा-बहिणींची मिळून डझनभर पोरं एका पंगतीत बसतात. खापरावरचे मांडे आणि आमरस. घरी एका घासासाठी अर्धा तास चिऊ-काऊ करायला लावणारी माझी पोरं तिथे शेजारच्याचं ताट बघत बघत जेवतात, आणि माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत.

यंदा तिथूनच नवीन प्रकरण आलं. मोठीने मामेभावांसमोर पैज मारून शेवभाजी खाल्ली, न धुतलेली. कान लाल, नाकातून पाणी, पण दूध मागितलं नाही. परत आल्यावर आप्पांनी ते ऐकलं आणि चार घरी सांगितलं, "आमनी पोर शे!" तेव्हापासून ती मोठ्यांच्या पातेल्यातलं जेवते. आता एकट्या धाकट्याचं काढून ठेवायचं असतं, पण त्याला ताईच्या ताटातलं लाल हवं असतं. दिलं तर रडतो, नाही दिलं तरी रडतो. शेवटी सासूबाईंनी बीट किसलं, पिळलं आणि तो रस चमचाभर तुपात कालवून त्याच्या वरणावर सोडला. लालभडक. धाकटा पहिल्याच घासाला "हाऽ हाऽ" करायला लागला, पाणी मागितलं, आणि सगळं वरण संपवलं.