सव्वासहाचं वर्गमूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आठवणी लिहा असं पत्र व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी साइटवर होतो, उभ्या उभ्या दोनदा वाचलं अन पहिले आठवले ते आपले गणिताचे सर. बाकी शिक्षकही चांगलेच होते, पण मी लिहीन तर सरांवरच लिहीन.

आठवीची गोष्ट. फळ्यावर सहा पूर्णांक एक छेद चारचं वर्गमूळ काढायचं होतं, मी सहाचं वेगळं काढलं, पावचं वेगळं काढलं अन बेरीज करून मोकळा झालो, उत्तर आलं तीनच्या जवळपास. सरांनी छडी नाही उचलली. "बाबू, सव्वासहाचं एकच वावर हाय ना? मंग सहाचं येगळं अन पावचं येगळं कायले करतं?" असं म्हणाले अन अख्खा वर्ग निंबाखाली नेला. सुतळीनं तीन हाताचा चौकोन आखायला लावला, आत मोजले तर नऊ घरं. मग अडीच हाताचा आखला अन हात-हातावर काडीनं रेघा ओढल्या. पूर्ण घरं चार, अर्धी चार म्हणजे झाले दोन, अन कोपऱ्यात एवढंसं एक उरलं ते बरोबर पाव. सव्वासहा! त्या कोपऱ्यातल्या मातीवर मी पंजा ठेवून पाहिला होता.

मग वर्गात येऊन रीत. चार सक चोवीस अन वरचा एक पंचवीस, पंचवीस छेद चार, वरचं मूळ पाच, खालचं दोन, म्हणजे अडीच. "आधी एक कर, मंग मूळ काढ." त्या रात्री घरी मला आपोआप दिसलं की दीडचा वर्ग एक दुणे दोन अन पाव, अडीचचा दोन त्रिक सहा अन पाव, साडेतीनचा तीन चोक बारा अन पाव. आबाजीला सांगितलं तर त्यांना अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, पाठच होती, पण मला ते स्वतः सापडलं होतं!

आज यवतमाळात बांधकामाचं काम करतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौरस असला तर बाजू ३३ फूट, हे तोंडी सांगतो तर साइटवरची पोरं पाहतच राहतात, त्यांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, कोणी शिकवलीच नाही. मागच्या दिवाळीत शाळेकडे गेलो होतो, निंबाच्या जागी आता पेव्हर ब्लॉक आहेत, लय वाईट वाटलं.

सर कार्यक्रमाला येणार असतील तर मला नक्की कळवा, न्यायला मीच गाडी घेऊन जातो. अन मंडप आखायचा असेल तर आदल्या दिवशीच येतो, सुतळी माझ्याकडं आहे.