२चा ६७वा घात वजा १: एक संख्या फोडताना

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंक. दोनचा ६७वा घात काढून त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते. बुद्धिबळाच्या पटाला आणखी तीन घरं जोडून घरागणिक दुप्पट दाणे ठेवले, तर एकूण दाणे एवढेच भरतात. फ्रेंच गणितज्ञ मेर्सेनने १६४४ मध्ये ही मूळ संख्या आहे असं ठोकून दिलं होतं. ल्युकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव एकही दिला नाही. ते हाती लागायला १९०३ उजाडलं.

फर्ग्युसनला गणित शिकणाऱ्या माझ्या भाचीला हे काही पटेना. अवयव दाखवल्याशिवाय संयुक्त कशी म्हणायची? मग एका रविवारी कोथरूडच्या घरी जेवणं उरकल्यावर आम्ही लॅपटॉप उघडला.

आधी फर्माची कसोटी. संख्या मूळ असेल (आणि २ नसेल) तर २चा 'संख्या वजा १' इतका घात काढून तिनेच भागलं की बाकी १ उरते. भाचीने पायथॉन या संगणकभाषेत एक ओळ लिहिली, उत्तर आलं १.

"मामा, ही तर मूळच निघाली की!"

मला हसू आलं, कारण गंमत इथेच आहे. आपल्या संख्येतून १ वजा केला की उरतं त्याला ६७ने भाग जातो, आणि २चा ६७वा घात आपल्या संख्येने भागला की बाकी १च. म्हणून २ घेतला की संख्या मूळ असो वा संयुक्त, उत्तर १च येणार. म्हणजे २ हा साक्षीदार सुनावणीआधीच फितूर. त्याच्या जागी ३ घ्यायला लावला. आता बाकी म्हणून भलामोठा आकडा आला. १ नाही, म्हणजे संयुक्त. शंकेला जागाच नाही. पण त्या आकड्याकडे कितीही टक लावून बघा, अवयवांचा मागमूस लागत नाही.

आता अवयव. सरसकट विषम संख्यांनी भागत बसायची गरज नव्हती. कुठलाही मूळ अवयव घ्या, त्यातून १ वजा केल्यावर १३४ने भाग जायलाच हवा. शिवाय त्या अवयवाला ८ने भागून बाकी १ किंवा ७च हवी. या दोन चाळण्या लावल्या की पहिल्या अवयवापर्यंत जेमतेम सव्वासात लाख उमेदवार उरतात. एंटर दाबून बोट उचलतो न उचलतो तोच पडद्यावर १९३७०७७२१. भागून दुसरा आला ७६१८३८२५७२८७.

फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाने वर्गांच्या बाक्यांवरून उमेदवार चाळत हेच अवयव कागदावर शोधले. त्याला तीन वर्षांचे रविवार लागले म्हणतात. न्यूयॉर्कच्या सभेत तो एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर जाऊन बसला, असंही सांगतात. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण गुणाकार खरा आहे.

तो आम्हीही हाताने केला. अप्पा बळवंत चौकातून आणलेली चौकटीची वही काढली, एका चौकटीत एक अंक. गुणकात (१९३७०७७२१) ७ तीनदा येतो, म्हणून ५३३२८६७८०१००९ ही ओळ एकदाच काढायची आणि सरकवून तीनदा उतरवायची. शून्याची ओळ फुकट. बेरजेत मात्र हातचे सांभाळताना नाकी नऊ येतात. पडताळा नवाचा: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याच्या ६४, गुणाकाराच्या १०९, तिन्हींना ९ने भागून बाकी १. जुळलं.

भाचीने लगेच ६७च्या जागी १२७७ टाकून बघितलं. ही ३८५ अंकी संख्याही संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय, पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला तरी ती बंद करू देईना.