सुरईतली कॉफी

नवतपा लागला की नागपुरात दुपारी एकनंतर कुणी कुणाकडे जात नाही. पडदे ओढलेले, कूलर घुरघुरतोय आणि माणसं आडवी. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि मग यंत्रात बिघाड होता असं जाहीर झालं. आमच्या गल्लीत मात्र यंत्रावर कुणाचा संशय नव्हता.

अशा दिवसांत पुण्याहून भाची आली. उन्हाळ्यात मामाकडे यायची रीत तिनं अजून पाळलीय, पण पन्हं आणि ताक यांना ती चार दिवसांत कंटाळली. "मामा, हेझलनट आइस्ड कॉफी प्यावीशी वाटतेय." पुण्यात ती २८० रुपयांना पिते म्हणे, आणि त्यात अर्धा ग्लास बर्फच असतो, हेही तिनंच कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, घरी करू. थंड काय प्यावं हे नागपूरकराला कुणी शिकवू नये, असा माझा एक आगाऊ समज होता.

पहिल्या दिवशी साखरेनं फजिती केली. गार दुधात ती विरघळत नाही, हे इतकी वर्षं चहा पिणाऱ्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पहिला घोट कडू आणि शेवटचा घोट निव्वळ साखर. मग समसमान साखर-पाणी उकळून पातळ पाक करून ठेवला. दुसऱ्या दिवशी नागपूरची इज्जत राखायला मी संत्र्याचा स्क्वॅश ओतला. दूध फाटलं. आंबट पडल्यावर ते फाटणारच, पण भाचीसमोर फाटायला नको होतं.

वाळ्याचं सरबत घातलं त्याची गोष्ट जरा वेगळी. रंग शेवाळलेल्या हौदासारखा झाला, तेही चाललं असतं. पण ग्लास नाकाशी नेला आणि कूलरचा वास आला. आमच्या कूलरला अजून वाळ्याच्या ताट्या आहेत. खोलीभर तोच वास, ग्लासातही तोच. भाची म्हणाली, "मामा, हे आपण पितोय की यात बसलोय?"

मग तिनं मोबाईलवर कोल्ड ब्रूची कृती काढली. गार पाण्यात जाडसर कॉफी बारा तास भिजत ठेवायची, गरम पाणी वापरायचंच नाही. गार पाण्यात कडवटपणा कमी उतरतो म्हणून चव मऊ येते. कॉफी घरात होती, चिखलदऱ्याहून आणलेली. (विदर्भात कॉफी पिकते, हे पुण्यात सांगितलं तर लोक आपल्याकडे सहानुभूतीनं बघतात.) ती मिक्सरमध्ये रव्याइतकी भरड केली. अडचण गार पाण्याची होती. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात नळाला येतं, तेव्हा त्यात सरळ गरम कॉफीच होईल. फ्रिजमध्ये कैऱ्या आणि बाटल्यांनी जागा ठेवली नव्हती. आणि ओट्यावर आईची सुरई होती.

सुरई नवीकोरी, गोकुळपेठेच्या बाजारातून आईनं चार सुरया वाजवून निवडलेली. मी मलमलच्या फडक्यात कॉफीची पुरचुंडी बांधली, दोऱ्यानं आत सोडली आणि झोपलो.

सकाळी कॉफी उत्तम झाली होती. खरंच सांगतो, तशी मी पूर्वी प्यालो नव्हतो. ना कडू, ना आंबट, आणि मागे किंचित मातीचा वास. पण सुरईला कॉफीचा घाम फुटला होता. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं आणि वाऱ्यानं उडून जातं, म्हणूनच तर सुरई गार राहते. माझ्या सुरईतून कॉफी झिरपली होती. तांबड्या पोटावर तपकिरी ओघळ, खाली ठेवलेल्या ताटलीत तपकिरी डबकं. तीनदा धुतली, नारळाच्या शेंडीनं घासली, उन्हात तापवली. पाणी भरलं की पुन्हा कॉफीच.

"तुले घरात दुसरं भांडं नाही भेटलं का रे?" आई एवढंच म्हणाली. मग दिवसभर माझ्याशी नाही बोलली.

संध्याकाळी तीच स्वयंपाकघरात आली. "वास पाहिजे ना तुमाले कॉफीले?" म्हणत तिनं मसाल्याच्या डब्यातून जायफळ काढलं. मला माझीच लाज वाटली. मराठी घरात कॉफी म्हणजे जायफळ-वेलदोडा, हे मी हेझलनटच्या नादात विसरलोच होतो. आता गंमत बघा, जायफळ आम्ही बाळाला झोप लागावी म्हणून गुटीत उगाळतो आणि जागरणाच्या कॉफीतही घालतो. त्या दोघांनी आपसात काय ते ठरवावं.

मी किसणी पुढे केली, ती आईनं बाजूला सारली. किसलेलं जायफळ गार दुधावर तरंगतं आणि दातात येतं. तिनं सहाणेवर दोन थेंब दूध टाकलं आणि जायफळ फिरवायला लागली, सात-आठ वेढे, हळू, मनगटातून. सहाणेवर पिवळट गंध जमलं. ते बोटानं निपटून उकळत्या पाकात घातलं, वर एक वेलदोडा ठेचून. "गरमच पाहिजे, थंड्यात वास बसून राहते," ती म्हणाली. खरं आहे. गारठ्यात वास आणि गोडी दोन्ही मंदावतात, म्हणून पाक जरा भडकच लागतो. बर्फही मी या वेळी कॉफीचाच केला होता, वितळला तरी पाणचट होऊ नये म्हणून.

भाचीनं ग्लास रिकामा केला आणि हेझलनटचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना बॅगेत दोन जायफळं घेऊन गेली. सहाण मात्र जड म्हणून नको म्हणाली.

ज्या आईनं कॉफीत बर्फ म्हणजे सर्दीला आवतण असं बजावलं होतं, ती आता चारला हाक मारते, "बर्फ हाय का रे?"

सुरई कामातून गेली. गॅलरीत ठेवली होती, तशीच राहिली. मृगाची पहिली सर आली तेव्हा आम्ही दोघं दारात उभे होतो. ओल्या मातीचा वास यायला हवा होता. आमच्या गॅलरीत कॉफीचा आला. आईनं माझ्याकडे बघितलं.