माड आणि कळस

“होडीचं नाक त्या झाडाकडे ठेवतेयस ना, म्हणून चुकतेयस.”

गंगापूर धरणावर कयाक शिकतेय, आज कोकणातल्या हर्णैचा मामा सोबत होता. वारा आडवा, मी दर वेळी झाडाच्या डावीकडेच जाऊन लागत होते.

नंतर टपरीवर त्याने टेबलावर काड्या मांडल्या. होडी ताशी ४ मैल, भरतीची ओढ आडवी २ मैल, तर नाक ओढीच्या उलट दिशेला ३० अंश वळवून धरायचं, मग सरळ जातेस पण वेग साडेतीनच्याही आत येतो, वेळ जास्त धरायचा. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला ओढ अजून वाढते.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. खाडीत शिरताना तिकडचे होडीवाले पुढचा माड आणि मागचा देवळाचा कळस एका रेषेत धरतात. दोन्ही फाकले की समजायचं, पाणी नेतंय. “नुसतं पाण्याकडे बघून कळत नाही गं, होडीत बसलं की सरळच चाललोय वाटतं.”

आपली गोदा एकाच दिशेने वाहते, तिथे साधारण दर सव्वासहा तासांनी पाणी उलटतं आणि तरी ही माणसं बरोबर बंदराला लागतात, केवढं लक्ष लागत असेल!

कोकणातल्यांनो, तुमच्या खाडीत कुठली खूण धरतात?