टॅब वायफायवरून पडतायत? राउटर बदलायच्या आधी हे बघा

मित्राचं पुणे-सातारा हायवेला नॉनव्हेज हॉटेल आहे, मध्यंतरी त्याने वेटर लोकांची केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) बुकं बंद केली आणि सगळ्यांच्या हातात अँड्रॉइडचे टॅब दिले. टेबलावर ऑर्डर घेतली की किचनच्या प्रिंटरवर केओटी निघते, बिल काउंटरच्या पीसीवर तयार. सोमवार ते शुक्रवार एकदम मक्खन. रविवारी दुपारी मात्र बोंब, कॅप्टन, म्हणजे वेटर लोकांचा मुख्य, काउंटरवर येऊन ओरडणार "शेठ, टॅब परत पडला" आणि मग मटण ताट चार, रस्सा एक्स्ट्रा वगैरे पुन्हा कागदाच्या चिठ्ठ्यांवर सुरू. मित्राने जे सगळेच करतात तेच केलं, चार अँटेनावाला महागडा राउटर आणून बसवला. रविवारी परत तेच. मग मला फोन.

माझं पहिल्यापासून मत आहे की अशा वेळी राउटरला हात लावायच्या आधी कॅप्टनशी गप्पा माराव्यात. कोणता टॅब पडतो, किती वाजता, कुठल्या टेबलाजवळ, आणि पडतो म्हणजे नक्की काय दिसतं. त्याने पहिल्याच फटक्यात सांगितलं की "दादा, ते ड्रॉवरमधले टॅबच खराब आहेत." रोजच्या वापराचे टॅब वेगळे, आणि गर्दी वाढली की ड्रॉवरमधून जास्तीचे काढतात ते वेगळे, ते फक्त वीकेंडलाच चालू होतात. सकाळी चालू झालेले टॅब दिवसभर टिकतात आणि दुपारी एक वाजता काढलेले पाच मिनिटंपण टिकत नाहीत. टॅब खराब असते तर मंगळवारी पण पडले असते ना.

त्यातला एक टॅब हातात घेऊन बघत बसलो. वायफायच्या यादीत हॉटेलचं नाव, त्याखाली "आयपी ॲड्रेस मिळवत आहे", मग थोड्या वेळाने तुटतंय, परत तेच, परत तेच. सिग्नल फुल. म्हणजे पासवर्ड बरोबर, रेंज बरोबर, फक्त राउटर त्याला पत्ताच (आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर) देत नाहीये. काउंटरच्या पीसीवरून राउटरच्या पानात शिरलो तर डीएचसीपीची (राउटर आपोआप पत्ते वाटतो त्याची) रेंज १०० ते १९९, म्हणजे शंभरच पत्ते, लीज टाइम (एकदा दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा तो) २४ तास, आणि यादी खचाखच भरलेली. सगळे गिऱ्हाइकांचे मोबाईल! कारण शेठने हौसेने प्रत्येक टेबलावर वायफायचा पासवर्ड लॅमिनेट करून चिकटवलेला, आणि टॅब पण त्याच नेटवर्कवर. गिऱ्हाईक पाऊण तासात जेवून साताऱ्याच्या पुढे पोचतं पण त्याचा पत्ता उद्या दुपारपर्यंत अडकलेला, लॉजवाल्याने पाहुणा निघून गेल्यावरही खोलीला कुलूप लावून ठेवावं तसं. रोजचे टॅब सकाळीच पत्ता घेऊन बसलेले असायचे म्हणून ते वाचायचे. नवीन राउटरची फॅक्टरी सेटिंग पण अशीच होती, त्यामुळे तो बदलून शष्प फरक पडला नाही.

लीज एक तासावर आणली, रेंज वाढवली, गिऱ्हाइकांसाठी वेगळं गेस्ट वायफाय काढलं. इथे एक गंमत लक्षात ठेवा, बऱ्याच स्वस्त राउटरवर गेस्टचं नाव वेगळं दिसतं पण पत्ते त्याच साठ्यातून जातात, त्यामुळे नुसतं गेस्ट चालू करून भागत नाही, लीज कमी करायलाच लागते. आणि टॅबसाठी पत्ते राखून ठेवले, ज्याला राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. ते करताना टॅबच्या बॉक्सवरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) टाकू नका, कारण अँड्रॉइड १० पासून टॅब प्रत्येक वायफायला स्वतःच बनवलेला वेगळा मॅक दाखवतो. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन "डिव्हाइस मॅक" करायचं, मग रिझर्व्हेशन लागू होतं. लोक इथेच अडकतात आणि म्हणतात रिझर्व्हेशन चालतच नाही.

पुढच्या रविवारी ड्रॉवरवाले टॅब मस्त चालले, पण नवीनच तक्रार आली, वायफायची खूण आहे पण केओटी जात नाही. ही वेगळीच भानगड निघाली. बिलिंगचा पीसी हॉटेलातच आहे, त्यामुळे ऑर्डर जायला इंटरनेट लागतच नाही, लोकल वायफाय पुरे. पण ब्रॉडबँड गचका खाल्ला की अँड्रॉइडला वाटतं हे नेटवर्क कामाचं नाही, आणि तो सेव्ह केलेल्या दुसऱ्या नेटवर्कवर उडी मारतो. दुसरं कुठलं? तर कॅप्टनच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, कधीतरी कोणीतरी यूट्यूब बघायला जोडलेला. टॅब बिचारा हॉटस्पॉटवर बसून १९२.१६८.१ वाल्या पीसीला शोधतोय, तो कसा सापडणार. सगळ्या टॅबमधून हॉटेलचं सोडून बाकी नेटवर्क फरगेट केली, आणि "इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का" असं विचारतो तिथे हो म्हणून परत विचारू नको वर टिक केलं. कॅप्टन जरा नाराज झाला, चालायचंच.

काउंटरमागे मायक्रोवेव्ह आहे, गुलाबजाम गरम करायला. तो पण वायफायसारखाच २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो त्यामुळे चालू असताना शेजारच्या टॅबचे पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतात. टॅब वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर टाकले, चॅनल ३६, विषय संपला. २.४ वरच राहायची वेळ आली तर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक निवडा, ऑटोवर ठेवू नका, निदान हॉटेलात तरी नको.

लाईटचं पण बघून घ्या. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर झटका बसतो, ट्यूबलाइट नुसती लुकलुकते पण राउटर रिस्टार्ट होतो आणि परत उठायला एक-दोन मिनिटं घेतो, भर गर्दीत तेवढी पुरतात. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो राउटरसाठी, तो लावला. अडॅप्टरवरचे ॲम्पिअर बघूनच घ्या, नाहीतर यूपीएसवरच राउटर मरतो.

वरचा फॅमिली हॉल अजून राहिलाय. तिथे रिपीटर (खालचं वायफाय पकडून पुढे देणारं यंत्र) आहे, आणि टॅब जिना चढून वर गेला तरी खालच्याच राउटरला चिकटून राहतो, मध्ये स्लॅब, सिग्नल वजा ८० डीबीएमच्या खाली, म्हणजे अगदी कमजोर, मग पडणारच. खरं तर वर लॅनची केबल ओढून वेगळा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून घेऊन वायफाय देणारं यंत्र) लावायला पाहिजे, रिपीटर हा प्रकारच मला पटत नाही, हवेतूनच घ्यायचं आणि हवेतूनच द्यायचं म्हणजे स्पीड निम्मा. पण शेठने आत्ताच पीओपीचं सीलिंग केलंय, केबलसाठी भोक पाडू म्हटलं की तोंड वाकडं करतो. तोपर्यंत वरच्या हॉलचे दोन टॅब रिपीटरला वेगळं नाव देऊन तिथेच बांधून ठेवलेत आणि ते खाली आणायचे नाहीत असं कॅप्टनला सांगितलंय.