शेव्हर्लेचा टेंपरेचर मीटर: पाणी उकळतंय आणि काटा १५६ वर

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की माझ्या जुन्या शेव्हर्ले गाडीच्या टेंपरेचर मीटरच्या, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तपमान दाखवणाऱ्या मीटरच्या, दुरुस्तीचं काम संपलं. ते शब्द मागे घेतो.

गेल्या रविवारी पहाटे गाडी गोव्यातल्या डिचोलीहून काढली. साखळी, पर्ये, केरी असं जायचं, चोर्ला घाटाची पहिली तीन-चार वळणं चढवायची आणि परतायचं, एवढाच बेत. अंजुणे धरण मागे पडलं, चढ लागला, दुसरा गिअर टाकला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ वर आली. मी आधी डायल बघितली. काटा १५६ फॅरनहाइटवर शांत उभा. मीटरच्या हिशोबाने इंजिन अजून नीट तापलंही नव्हतं.

माझ्या रेडिएटरला दाबाचं झाकण नाही. वाफ बाहेर फेकली जात होती म्हणजे पाणी उकळत होतं, २१२ फॅरनहाइटला होतं, यात शंकाच नाही. छप्पन्न अंशांची चूक! गाडी कडेला घेऊन पाऊण तास थांबलो, घरून नेलेलं पाणी इंजिन चालू ठेवून थोडं थोडं करून ओतलं आणि उतारावरून हळूहळू परत आणली. १९५१ ची गाडी, २१६ घन इंचांचं, ‘स्टोव्हबोल्ट’ या टोपणनावाचं इंजिन. हेड (इंजिनचं वरचं झाकण) तडकलं तर दुसरं आणायचं कुठून, हा विचार घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेला नाही. मीटर बंद असता तर मी दर दोन किलोमीटरला उतरून हात लावून बघितलं असतं. चालू आहे आणि खोटं सांगतोय, हे जास्त धोक्याचं.

ज्यांनी आधीचे भाग वाचलेत त्यांना माहीत आहे की हा मीटर विजेचा नाही. हेडमध्ये ईथर भरलेला बल्ब, तिथून डॅशबोर्डापर्यंत केसासारखं भोक असलेली तांब्याची नळी, आणि मीटरच्या पोटात बोर्दों नळी, म्हणजे १८४९ मध्ये युजेन बोर्दों या फ्रेंच माणसाने पेटंट घेतलेली तीच वाकडी चपटी नळी. बल्ब तापला की ईथरची वाफ दाब वाढवते, वाकडी नळी उलगडायला बघते, काटा सरकतो. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तांब्याची नळी तुटलेली होती. म्हणून एप्रिलमध्ये बेळगावहून ट्रॅक्टरचा नवा मीटर आणला, त्याचा बल्ब आणि नळी कापून जुन्या मीटरला डाख देऊन जोडली. (ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टसाठी बेळगावसारखं ठिकाण नाही. दुकानदाराने तीन मीटर उघडून नळ्यांची लांबी मला मोजू दिली. याउलट ऑनलाइन मागवलेला ‘अस्सल जुन्यासारखा’ मीटर आतून विजेवरचा निघाला. आमची गाडी सहा व्होल्टची, तो बाराचा. परत पाठवला.) बल्बचा नट हेडच्या आट्यांना बसत नव्हता, त्यासाठी म्हापशाच्या लेथवाल्या काकांनी पितळेचा अडॅप्टर करून दिला, तो आजही थेंबभर गळत नाही.

तर केरीहून परत आल्यावर दोघा-तिघांनी एकच सल्ला दिला: काटा उपट, बरोबर जागी बसव, मोकळा हो. मी नाही म्हटलं. काटा का चुकतोय हे कळल्याशिवाय तो हलवला तर एका ठिकाणी खरं बोलेल आणि बाकी सगळीकडे खोटं.

मग टोप. स्वयंपाकघरातला मोठा टोप गॅसवर, आडव्या काठीला बल्ब आणि काचेचा थर्मामीटर शेजारी-शेजारी टांगलेले, दोन्ही तळापासून चार बोटं वर. थर्मामीटर प्रयोगशाळेतला, ११० सेल्सिअसपर्यंतचा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर माझ्याकडे आहे, पण चकचकीत पितळेवर तो वाटेल ते आकडे दाखवतो. काळा रंग फासलेल्या जागेवरच त्याचं ऐकायचं. वाचन घेण्यासाठी काच काढून त्या जागी अंशांच्या खुणांची ती कागदी पट्टी बसवली, जी मी चांगल्या चालत्या मीटरवरून उतरवून घेतली होती. दर टप्प्याला आच मंद करून दोन मिनिटं थांबायचं, पाणी ढवळत राहायचं.

आकडे असे आले, सगळे फॅरनहाइटमध्ये. खरं १२०, काटा १२०. खरं १४०, काटा १४०. इथे मला वाटलं, मीटर तर उत्तम आहे! खरं १५०, काटा १४९. खरं १८०, काटा १५२. पाणी खळखळ उकळतंय, २१२, आणि काटा १५६. आपण समुद्रसपाटीला राहतो त्याचा हा एक फायदा: उकळतं पाणी म्हणजे २१२, वेगळा हिशोब लागत नाही.

दोन दिवस मी तो कागद खिशात घेऊन फिरत होतो. १४९ पर्यंत सरळ आणि पुढे जणू कोणी हँडब्रेक ओढलाय. यंत्रात काही अडकत असेल म्हणून बोर्दों नळीच्या टोकाची तार, दातेरी तुकडा, सगळं भिंगातून तपासलं. बोटाने हलवलं की काटा शेवटपर्यंत मोकळा जातो. तांब्याची नळी चेपली असेल तर काटा उशिरा पोचेल, पण पोचेल. मी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं थांबलो तरी तो १५६ च्या पुढे गेला नाही.

उत्तर शेवटी बल्बमध्ये सापडलं. बल्बात द्रव ईथर शिल्लक आहे तोवर दाब फक्त तपमानावर ठरतो आणि झपाट्याने वाढतो. ८० पासून १०० सेल्सिअसपर्यंत जाताना तो दीडपटीहून जास्त होतो. पण द्रव संपला, सगळ्याची वाफ झाली, की पुढे ती साध्या हवेसारखी वागते: तापवा कितीही, दाब थोडाथोडाच वाढणार. माझ्या बल्बातलं ईथर १५० फॅरनहाइटच्या अलीकडेच संपत होतं. म्हणजे जोडतानाच कमी होतं. म्हणजे मी ते कापताना घालवलं होतं.

आणि कसं घालवलं तेही आठवलं. एप्रिलची दुपार, तीन वाजलेले, डोक्यावर पत्रा, शेडमध्ये ३६ अंश सेल्सिअस. ईथर उकळतं ३४.६ ला! बल्ब मी फ्रिजमधल्या बर्फाच्या पेल्यात ठेवला होता, तो बर्फ डाखाची तयारी होईपर्यंत वितळला होता. नळी कापली तेव्हा बारीक फुस्स आवाज आला आणि गोडसर उग्र वास शेडभर झाला. ‘थोडंसं गेलं’ असं मी तेव्हा लिहिलंही होतं. ते थोडंसं नव्हतं. शिवाय ईथरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते आणि २०० अंश सेल्सिअसच्या आतच ठिणगीविना पेट घेते. सोल्डरिंगची इस्त्री त्याहून खूप गरम असते. जे करणार असाल त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

दुसरा मीटर बेळगावहून बसने मागवला. या वेळी सगळं आधी मांडून ठेवलं. मासळी बाजारातून बर्फाची अर्धी लादी, आगरवाड्याचं खडेमीठ दोन किलो, थर्माकोलचा मासळीचाच खोका. १ जूनला मासेमारीबंदी लागायच्या आत हे उरकायचं मी मुद्दाम ठरवलं होतं, बंदीआधी बर्फ हवा तेवढा मिळतो. बर्फ कुटून त्यात मीठ कालवलं, बल्ब मधोमध पुरला. अर्ध्या तासात उणे १६. वेळ पहाटेची साडेपाच, दोन्ही दारं उघडी, टेबलपंखा माझ्या पाठीमागून बाहेरच्या दिशेला, शेडमध्ये ज्योत नाही.

नळी पक्कडीने कापू नका, भोक चेपतं. कानशीने चारी बाजूंनी खाच पाडायची आणि हलक्या हाताने मोडायची. दोन्ही टोकं बारीक पॉलिश पेपरने लख्ख केली, कथिलाचा पातळ हात दिला आणि वरून तांब्याच्या बारीक नळीचा वीस मिलिमीटरचा तुकडा सरकवला. तो आमच्या फ्रिजवाल्या भावाने दिला, त्याच्याकडे अशा नळ्यांची वेटोळीच असतात. डाख फक्त त्या तुकड्याच्या दोन तोंडांना. जास्त दिलं तर कथिल आत ओढलं जातं आणि भोक बुजतं. फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावायचा पदार्थ) राळेचाच, आम्लाचा फ्लक्स सोपा असतो पण दोन पावसाळ्यांत तांबं खातो, आपल्या हवेत तर नक्कीच. या वेळी फुस्स नाही, वासही जवळजवळ नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही तोंडं भरली, गोल आणि चमकदार. इतका नीट डाख माझ्या हातून आधी कधी बसला नव्हता. मी चहा घेऊन त्याच्यासमोर बसून राहिलो.

पुन्हा टोप. खरं १२०, काटा १४२. खरं १५०, काटा १६६. १८० ला १९२. उकळत्या पाण्यात २२१.

आता सगळीकडे जास्त! आणि चूकही एकसारखी नाही: बावीस, सोळा, बारा, नऊ. इथवरचं मी शनिवारी लिहून ठेवलं होतं आणि खाली पुढचा बेतही: तिसरा मीटर आणायचा, फ्रिजवाल्या भावाचा व्हॅक्यूम पंप मागायचा, जुन्या नळीतली हवा आधी ओढून घ्यायची आणि मगच जोडायचं. कारण चूक कशामुळे होते ते तरी उघड दिसत होतं. पहिल्या वेळी उकळत्या ईथरने नळीतली हवा ढकलून बाहेर काढली होती, स्वतः निम्मं संपून. दुसऱ्या वेळी बल्ब इतका थंड होता की आत जवळपास पोकळी होती. नळी मोडताक्षणी बाहेरची हवा आत गेली आणि मी ती आतच डाखून टाकली. ईथरचा दाब अधिक या हवेचा दाब, म्हणून काटा पुढे.

ते लिहितानाच हात थांबला. हवेचा दाब जवळजवळ ठरलेला आहे, तो १२० ला जेवढा तेवढाच २१२ ला, फार तर थोडा जास्त. मग चूक बदलते का? बदलते कारण मी ती अंशांत मोजतोय! डायलवरचे अंश सारख्या अंतरावर नाहीत. ईथर वर जाताना जास्त जोर करतं म्हणून खालचे अंश दाटीवाटीने आणि वरचे ऐसपैस आहेत. कपाटातून मुलाचा कंपास काढला, कर्कटक घेतलं आणि पट्टीवर अंतर मोजलं. १२० पासून १४२: साडेचार मिलिमीटर. १५० पासून १६६: साडेचार. १८० पासून १९२: साडेचार. २१२ पासून २२१: साडेचारला केसभर जास्त.

सगळीकडे तेच अंतर! मी मोठ्याने ओरडलो, घरातली माणसं धावत शेडमध्ये आली. त्यांना कर्कटक चार ठिकाणी टेकवून दाखवलं.

म्हणजे काटा साडेचार मिलिमीटर मागे बसवला की तो एका जागी नाही, सगळ्याच जागी खरा होतो. पहिल्या जोडाच्या वेळी जो सल्ला घातक ठरला असता तोच आता अचूक इलाज. तिसरा मीटर रद्द, व्हॅक्यूम पंप रद्द. ज्यांचे मीटर चुकतात त्यांना एवढंच सांगेन: आधी चार ठिकाणी वाचन घ्या. खाली बरोबर आणि वर मागे पडत असेल तर ईथर कमी आहे, काट्याला हात लावू नका. सगळीकडे सारख्याच मिलिमीटरांनी पुढे असेल तर आत हवा आहे किंवा काटाच सरकलाय, आणि तो फिरवणं योग्य आहे.

काटा काढायला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. सत्तरहून जास्त वर्षं तो त्या दांडीवर घट्ट बसलाय. बाजारात काटे काढायचं चिमट्यासारखं हत्यार मिळतं; माझ्याकडे आलेलं इतकं जाड होतं की डायलवर ओरखडा पडला असता. शेवटी दोन चहाचे चमचे, खाली डायलवर कापडाच्या दोन घड्या, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी अगदी थोडा दाब. टक् असा आवाज होऊन तो वर आला, रंगाचा टवकाही उडाला नाही. पुन्हा बसवताना बल्ब ८२ सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला, काटा १८० वर धरून बोटाने दाबला. पडताळा: १२० ला १२१, १५० ला १५०, १८० ला १८०, उकळत्या पाण्यात २१३. हा टोप दहा वेळा थंड-गरम केला, आकडे हलले नाहीत, म्हणजे जोडही गळत नाही.

आज पहाटे पुन्हा केरी. अंजुण्यापर्यंत काटा १७५. चढ लागताच १८५, १९०, चौथ्या वळणावर २०५, तिथे मी थांबवली. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर काळा रंग फासलेला चौकोन आहे, त्यावर इन्फ्रारेड धरला: ९५ सेल्सिअस, म्हणजे २०३. मीटर खरं बोलतोय, आणि इंजिन खरोखरच तापतंय. थंड होताना रेडिएटरच्या कोअरवर, म्हणजे पाण्याच्या बारीक नळ्यांच्या जाळीवर, इन्फ्रारेडने आडव्या रेघा मारल्यासारखं वाचत गेलो: डावी बाजू वरून खालपर्यंत हळूहळू उतरते, उजवीकडचा खालचा कोपरा मात्र एकदम थंड. तिथून पाणी जातच नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) आधीच टोपात तपासला होता, तो वेळेवर उघडतो, त्यामुळे त्याच्यावर संशय नाही.

सोमवारी रेडिएटर उतरवून म्हापशाला नेतोय. तिथे अजून टाकी उघडून एकेका नळीतून सळई घालणारे हात आहेत. पावसाच्या आत कोअर साफ होऊन आला तर पुढचा चढ पूर्ण, थेट चोर्ल्यापर्यंत. किती नळ्या बुजल्या होत्या ते मोजून लिहितो.