त्याले सांग

धुळे, बुधवार, रात्रीचे साडेदहा

आज सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्ट आमचं काम तपासतात त्या बैठकीत, मॅडमनी माझ्या गेल्या फॅमिली थेरपीच्या (अख्ख्या कुटुंबाच्या समुपदेशनाच्या) सत्राचं रेकॉर्डिंग लावलं (रेकॉर्डिंगला कुटुंबाची लेखी संमती होती) आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. "एकाचं बोलणं तू दुसऱ्याला पोहोचवलंस की एक रेघ मार." चाळीस मिनिटांत सात रेघा झाल्या. नवरा-बायको हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ बसलेले. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "यांना सांगा ना जरा," आणि मी लगेच त्याच्याकडे वळून, "त्यांचं म्हणणं असं आहे की..." सुरू करायचे. टेप बंद करून मॅडमनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं. तोंडातून यायला वेळ लागला.

त्या कुटुंबाबद्दल इथे आणखी काही लिहिणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा त्यांचा हक्क आहे, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. लिहायचंय ते माझ्याबद्दल.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठचं. वाटणी झाली तेव्हा मी दुसरीत होते. शेताचे दोन भाग झाले, अंगणात भिंत आली, विहीर मात्र एकच राहिली. अण्णांचं आणि काकांचं बोलणं बंद झालं, पण पाण्याची पाळी थोडीच बंद होते? पंपाला रात्रीची लाईट असली की अण्णा मला झोपेतून उठवायचे. "त्याले सांग, आज पाळी आमनी शे." मी स्वेटर चढवून भिंतीला वळसा घालून पलीकडे जायचे. काका खाटेवरून न उठताच म्हणायचे, "तुना अण्णाले सांग, माले माहीत शे."

निरोप जसाच्या तसा मी कधीच पोहोचवला नाही. भिंत ओलांडेपर्यंत त्यातला राग मी काढून टाकलेला असायचा. "काका म्हणाले, चालेल." आठ वर्षांच्या पोरीला ही कला आपोआप आली, आणि घरात सगळे म्हणायचे, पोरगी फार समजदार शे. थंडीत काकू भरीत लावलेली कळण्याची भाकरी हातात द्यायची. मी ती भिंतीआडच संपवायचे. घरी आल्यावर आई माझा हात हातात घ्यायची. काडीवर भाजलेल्या वांग्याचा वास लपत नाही. ती काहीच विचारायची नाही, हात मात्र धुवायला लावायची.

त्या श्रावणात कानबाई देवीचे रोटही वेगळे झाले. खान्देशातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि ते रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. आजी दोन्हीकडे गहू मोजायला बसली, आधी भिंतीच्या या बाजूला, मग त्या बाजूला.

पुढे एम.ए.ला मरे बोवेन हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ वाचला. दोन माणसांमधला ताण त्यांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, त्याला तो त्रिकोण म्हणतो. त्या दोघांना तात्पुरतं हलकं वाटतं, भार तिसरा वाहतो. ते पान वाचताना मला आमची भिंत दिसली, आणि मी फॅमिली थेरपीकडे वळले. आता कळतंय की वळताना निरोप्याचं कामही बरोबर घेऊन आले.

इटलीतल्या मिलानच्या चौघा फॅमिली थेरपिस्टांनी १९८० च्या लेखात थेरपिस्टच्या तटस्थतेबद्दल लिहिलं. दोघांचे निरोप सारख्याच मायेने पोहोचवणं म्हणजे तटस्थता, असं मी धरून बसले होते. त्यांच्यातल्याच चेकिनने १९८७ मध्ये तटस्थतेचा अर्थ नव्याने मांडला: कुतूहल. प्रत्येकाच्या जागेवरून घर कसं दिसतं, हे जाणून घ्यायची खरी ओढ. मला हे फार पटतं. निरोप्याला कुतूहल परवडत नाही, त्याला फक्त भांडण टाळायचं असतं.

म्हणून आता प्रश्नांवर मेहनत घेतेय. "तुमच्यात संवाद कसा आहे?" असं विचारलं की आमच्याकडची माणसं "चांगला शे" म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी, "आखाजीला (अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात तेव्हा) तुम्हाला न्यायला कोण येतं? आणि यायचं कधीपासून थांबलं?" "रोट एकत्र असतात का?" मग मुलाला विचारायचं, "आई गप्प झाली की घरात सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येतं?" एवढ्याने माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. कुटुंबाचा नकाशा काढायला कागद पसरला, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, की एखादे बाबा हळूच विचारतात, "यावर सही करनी पडी का?" वाटणीच्या कागदांनी पोळलेली माणसं आहेत ही. मी पेन्सिल त्यांच्याच हातात देते.

आणि सगळ्यांना आत घेते. खेड्यातून एका पेशंटबरोबर पाच-सहा जण येतात, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायची रीत मला खटकते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांबरोबर नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं होतं. आमच्याकडे फक्त दोन खुर्च्या जास्त लागतात, त्या शेजारच्या खोलीतून आणते.

पुढच्या सत्रात माझी खुर्ची हातभर मागे घेणार आहे. "यांना सांगा" आलं की म्हणायचं, "ते इथेच आहेत, तुम्हीच सांगा," आणि मग गप्प बसायचं. मिनुचिन हा फॅमिली थेरपिस्ट घरातल्यांना समोरासमोर बोलायला लावायचा, ते वाचताना सोपं वाटतं. ती शांतता सहन करणं मला जड जाणार आहे. पोटात गोळा येतो, अगदी लाईट आलेल्या रात्रीसारखा.

मघाशी अण्णांचा फोन येऊन गेला. काकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, गावात कळलं म्हणे. "त्याले इचार, तारीख कोनती शे."

मी म्हटलं, "अण्णा, काकांचा नंबर आहे तुमच्याकडे."

पलीकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बराच वेळ त्याच ऐकू येत राहिल्या.